ज्ञानदीप कॉलनीच्या हौदातलं तेल

"मॅडम, हौदात तेल आहे. तुम्ही आत्ता या. नंतर येऊन उपयोग नाही."

एवढं बोलून माधवराव पिंगळीकरांनी फोन ठेवला. ते निवृत्त मुख्याध्यापक. समोरच्याने हो म्हणायची वाट पाहण्याची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. सौदामिनी औंढेकरने गॅस बंद केला, अर्धवट उकळलेला चहा तसाच ओट्यावर सोडला आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

सकाळपासून तिचं मन असंच सैरभैर होतं. सौदामिनी मूळची नांदेडची. बदली होऊन लातूरला आलेली, नगररचना विभागात अभियंता. ज्ञानदीप कॉलनीचं प्रकरण तिच्याकडेच होतं आणि आज दुपारी त्याची सुनावणी होती.

प्रकरण ऐकायला साधं. कॉलनी रहिवासी. तिथे उमाशंकर हुडगे याने घराच्या मागच्या शेडमध्ये करडईच्या तेलाचा लाकडी घाणा टाकलेला. घाणा विजेवर फिरायचा आणि दिवसभर करकरायचा. रहिवासी भागात असा धंदा चालवायचा तर खास परवानगी लागते. ती त्याने मागितली होती. मिळाली तर घाणा राहणार, नाही मिळाली तर कायमचा बंद. उमाशंकरचं सगळं घर त्या एका घाण्यावर उभं होतं.

परवानगीवरून कॉलनीचे सरळ दोन तुकडे झाले होते. विरोधी गटाचे पुढारी माधवराव. त्यांच्या वरच्या दोन मजल्यांवर डॉक्टर व्हायला आलेल्या मुली भाड्याने राहायच्या आणि घाण्याच्या आवाजाने अभ्यास होत नाही म्हणून खोल्या सोडायच्या धमक्या द्यायच्या. त्या खोल्यांची परवानगी माधवरावांनी कधी काढली होती, हे मात्र कोणी विचारत नसे. घाण्याच्या बाजूने असलेल्या गटाचा पुढारी मृत्युंजय. तो कॉलनीचा सचिव, आणि घाण्याला लागून असलेला रिकामा प्लॉट त्याचाच.

भांडायला विषयही सगळे चालत. आवाज, पेंडीचा वास, गिऱ्हाइकांच्या गाड्या. एवढंच काय, उमाशंकरची आई कमलम्मा रोज पहाटे कॉलनीच्या हौदाचं झाकण उचलून दोरीने कळशीभर पाणी शेंदते, तिला मोटारीचं पाणी पूजेला चालत नाही, यावरही माधवरावांनी एकदा लेखी हरकत घेतली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. कमलम्मानेही नाही.

पण हौदात तेल म्हणजे वेगळी गोष्ट. लातूरकर आवाज सहन करेल, वास सहन करेल, पाण्याला हात लावलेला सहन करणार नाही. ज्या शहराने रेल्वेने आलेलं पाणी भांड्यांत भरून घेतलंय, त्या शहराला पाण्याबद्दल समजावून सांगायला लागत नाही.

*

हौद कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत, जमिनीखाली. वर सिमेंटचा ओटा आणि ओट्यात लोखंडी झाकण. त्याच्याभोवती सगळी कॉलनी जमली होती आणि सगळी एकदम बोलत होती.

एका बाजूचं म्हणणं, घाण्याचं तेल जमिनीत मुरून हौदात उतरलं. पोलीस येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आज नळाची पाळी आहे. संध्याकाळी पाणी सुटेल. तोवर हौद धुतला नाही तर ही पाळी हुकली, आणि पुढची कधी येईल ते देव जाणे. भांडण असं होतं की दोघांचंही बरोबर होतं.

सौदामिनीने झाकण उचलायला लावलं आणि मोबाईलचा उजेड आत टाकला.

पाण्यावर तेलाचा तवंग होता. पाणी मात्र अगदी तळाला गेलेलं. पाळीच्या आदल्या दिवसांत असतं तेवढंच, घोटे बुडतील इतकं. हौदाच्या भिंती कोरड्या होत्या. घाण्याकडच्या भिंतीवर तर ओलीचा डागही नव्हता.

"तेल मुरून आलेलं नाही," ती म्हणाली. "मुरलं असतं तर भिंतीवर दिसलं असतं. कोणीतरी वरून ओतलंय."

एवढ्यानेच जमावाचा आवाज खाली आला. मुरलेल्या तेलावर भांडता येत होतं. ओतलेल्या तेलामागे माणूस होता, आणि तो बहुधा इथेच उभा होता.

झाकणाच्या आतल्या कडेवरून तेलाचा एक ओघळ भिंतीवर उतरला होता. सौदामिनीने तो बोटावर घेतला. वास करडईचाच, ताज्या घाण्याचा. पण दोन बोटांत चोळल्यावर काहीतरी रवाळ लागलं, बारीक भरडीसारखं. तिने बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

उमाशंकर गर्दीच्या कडेला उभा होता. डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले, कपाळ कोरडं.

"मॅडम, मी कशाला माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ? आज सुनावणी हाय माझी. सकाळपासून आंघोळ न्हाई, पूजा न्हाई. पूजेबिगर आमच्यात तोंडात पाणी सुदीक घेत न्हाईत. उपाशी उभा हाव मी हितं."

शर्टाच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगावर त्याचा हात गेला होता. ती शपथ होती की नुसती सवय, हे सौदामिनीला कळलं नाही.

दुपारपर्यंतचाच वेळ होता. कोणी ओतलं ते कळलं नाही, तर सुनावणीत तेल घाण्याच्याच नावावर चढणार आणि परवानगी तिथेच संपणार. तिने मोबाईलवर हौदाचे फोटो काढून घेतले. थोडा वेळ द्या, मग हौद धुवायला मोकळा करते, असं सगळ्यांना सांगितलं आणि माधवरावांना बाजूला घेतलं.

*

माधवराव ओट्याजवळच्या बाकावर ताठ बसले. परीक्षा घेणारे आपण, अशा बेताने.

"तेल पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

"आमच्या सौ.नी. मोटारीची किल्ली माझ्याकडे असते. उजाडलं की मी मोटार लावतो. आज लावली, घरातल्या टाकीत पाणी चढलं आणि ह्या ओरडल्या."

"मोटार लावायच्या आधी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. या बाकावर. अंधार असतानाच येऊन प्राणायाम करतो. वर्षानुवर्षांचा नेम आहे."

"त्या वेळात हौदाकडे कोण आलं?"

"कोणी नाही."

"नक्की? डोळे मिटलेले असतील."

"प्राणायाम करतो मी, झोपत नाही. कोणी आलं नाही. म्हणजे तेल रात्रीच पडलं."

"तेल पडल्याचा फायदा तुम्हालाच आहे, सर. सगळे तेच म्हणून राहिलेत."

माधवरावांचा चेहरा लाल झाला. ते रागावले होते, आणि राग खरा होता. घाण्याचं तेल आपण घरात येऊ देत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मग तेही ऐकवलं की ज्या वर्षी रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी ते शाळेतल्या पोरांना घोट मोजून पाणी देत होते.

"घाणा बंद पडावा असं मला वाटतं. उघड वाटतं. पण पाणी नासवायचं? त्यापेक्षा मी तो करकर आवाज मरेपर्यंत ऐकेन."

सौदामिनीला ते पटलं. पटलं म्हणून जरा चीडही आली, कारण सोपा गुन्हेगार हातचा निसटत होता.

मृत्युंजय मात्र गुन्हेगार ठरवूनच आला होता.

"मॅडम, ह्यात विचारायचं काय? पिंगळीकर सरांचं काम हाय. एक बाटली घाण्यावरून आणायची कोणाकडून तरी, आन् द्यायची वतून. मी पहिल्यापासून उमाशंकरच्या बाजूनं हाव."

"का?"

"आता का म्हणजे. शेजारी हाय. गरीब मानूस हाय."

"आणि तुमचा प्लॉट?"

मृत्युंजय हसला. हसू आवरायची त्याला गरज वाटली नाही. सौदामिनीनेच पाहणीनंतर शेरा दिला होता की शेड कुंपणाला चिकटून आहे, त्या बाजूला मोकळी पट्टी सोडली तरच परवानगीची शिफारस करता येईल. पट्टी म्हणजे मृत्युंजयच्या प्लॉटची कड. परवानगी मिळाली की उमाशंकर ती विकत घेणार होता.

"त्याच्याकडे तेवढे पैसे आहेत?"

"निलंग्याकडचं शेत इकायला काढून राहिलाय ना. पंधरा दिवसांमागंच त्याच्या घरी बसून बोलनं झालं. त्याची आई होती, च्या तिनंच दिला. सगळं पक्कं हाय मॅडम, तुमची परवानगी तेवढी येऊ द्या."

म्हणजे परवानगी न मिळण्यात याचं नुकसान. हाही गेला.

सौदामिनी उभीच राहिली. पट्टीचा शेरा लिहिताना, हा माणूस ती पट्टी कशातून घेणार, असा प्रश्न तिला पडला नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. तरी आता तो उगाच डोक्यात फिरायला लागला.

*

घाण्याच्या शेडला कुलूप होतं. उमाशंकरने ते काढलं. कुलूप शाबूत होतं, पत्रेही. आत लाकडी उखळ, त्यात फिरणारा जाडजूड सोट, आणि भिंतीशी ओळीने मांडलेली स्टीलची पिंपं. करडईचा उबदार वास भरून राहिला होता. दोन घटका बसावं असा वास होता, पण आज बसायला कोणाला सवड नव्हती.

"विकायचं तेल कुठलं?"

त्याने पुढच्या पिंपाची तोटी सोडून वाटीत धार धरली. स्वच्छ, सोनेरी. सौदामिनीने बोटांत चोळलं. गुळगुळीत, रव्याचा कणही नाही.

"आणि ही मागची पिंपं?"

"ते ताजं हाय. घाण्यातून निघालं की गढूळ असतं तेल, भरड असती त्यात. पाच-सहा दिवस बसू देतो. गाळ खाली बसला, तेल निवळलं की मग फडक्यातून गाळून पुढच्या पिंपात. निवळल्याबिगर थेंब इकत न्हाई मी."

"एखाद्याने मागितलं तर? ओळखीचा, घाईत असलेला?"

"देव आला तरी न्हाई. नाव जातं, मॅडम."

तिने पर्समधला रुमाल काढून त्याच्यासमोर धरला. उमाशंकरने डागावरून बोट फिरवलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याला सांगायची गरज पडली नाही. तेल न निवळलेलं होतं. ते बाजारातून आलेलं नव्हतं, गिऱ्हाइकाच्या बाटलीतून आलेलं नव्हतं. ते या कुलपाच्या आतून गेलं होतं.

"शेडची किल्ली कुठे असते?"

"घरात. खुंटीला."

"घरात कोण कोण असतं?"

"मी आन् अव्वा, माझी आई. अक्षरा, माझी बायको, माहेरी हाय उदगीरला, आठवडा झाला." मग तो एकदम म्हणाला, "म्हंजी मीच टाकलं म्हणता का तुम्ही?"

सौदामिनीने रुमाल परत पर्समध्ये ठेवला. खरं तर क्षणभर तिलाही तसंच वाटलं होतं. पण धंद्याला आग लावणारा माणूस पिंपाची तोटी पुसून बंद करत नाही, आणि याने आत्ता वाटीतलं तेल दाखवून झाल्यावर परत पिंपात ओतलं होतं.

*

कमलम्माने तिला पुढच्या खोलीत बसवलं. ही घरातली सगळ्यांत चांगली खोली, रस्त्याकडच्या खिडकीची. कोपऱ्यात पूजेची जागा. कमलम्मा साठीची, हाडापेराने मजबूत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ठसठशीत उमटलेले. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता.

"आमचे मालक. चंद्रप्पा. घाणा त्येंचाच, गावाकडं बैलावर फिरायचा. आता तिकडंच हायत, शेतात. दर आमुशेला दिवा लावाया जाते मी, एश्टीनं."

लिंगायतांत माणूस दहन करत नाहीत, पुरतात, हे सौदामिनीला माहीत होतं. शेतात समाधी असणार.

कमलम्माने दोन कप चहा आणला. एक तिला दिला, एक स्वतः घेतला. पाणी कुठलं, असं सौदामिनीने सहज विचारलं. जारचं, इकतचं, असं उत्तर आलं. पूजेच्या कोपऱ्यात तांब्याची कळशी होती. घासून लख्ख. तिच्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं, इतकं नितळ की तळाचे ठोके दिसत होते.

"उमाशंकरराव अजून उपाशी आहेत," सौदामिनी म्हणाली. "पूजा झाली नाही म्हणतात."

"उशिरा उठतो त्यो. मग असं व्हतं. माझी कवाच झाली."

"कळशीत कालचं पाणी होतं?"

कमलम्माने कप खाली ठेवला. प्रश्न तिला लागला होता. "शिळं पाणी देवाला? न्हाई बाई. एक दिस न्हाई वापरलं, आमच्या लग्नापून. पहाटे जाऊन ताजं शेंदते मी."

"आज पण?"

"आज पण."

बाहेर कोणीतरी ओरडून विचारत होतं की हौद धुवायचा की नाही. सौदामिनीने चहा संपवला. तिला आता सगळं कळलं होतं आणि कळल्याचा तिला अजिबात आनंद झाला नव्हता.

तिने दारात जाऊन हौद धुवायला सांगितलं. मग माधवराव, मृत्युंजय आणि उमाशंकर यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

*

"तेल कोणी ओतलं ते मी सांगते," ती म्हणाली. "मधे बोलू नका. चुकलं तर शेवटी सांगा."

मृत्युंजय दाराला पाठ लावून उभा राहिला.

"तेल निवळलेलं नव्हतं. त्यात भरड होती. असं तेल उमाशंकरराव कोणालाच विकत नाहीत. म्हणजे ते शेडमधूनच गेलं. शेडचं कुलूप शाबूत, किल्ली या घरात. बाहेरचा माणूस इथेच बाद झाला. माधवराव सर, तुम्हीही."

माधवरावांनी मान हलवली, जणू त्यांना कमी गुण मिळाले होते आणि फेरतपासणीत ते वाढले होते.

"दुसरी गोष्ट. सुनावणीची तारीख महिनाभर आधी सगळ्यांना माहीत होती. घाण्याला बदनाम करायचं तर मागच्या आठवड्यात ओतायचं. तेव्हा हौद भरलेला होता. सगळी कॉलनी आठवडाभर तेलाचं पाणी वापरत बसली असती आणि घाण्याला कोणी माफ केलं नसतं. पण ओतणाऱ्याने पाणी तळाला जाईपर्यंत वाट पाहिली. आज संध्याकाळी नवं पाणी येणार, त्याच्या आत हौद धुऊन होणार. ज्याने हे केलं त्याला बभ्रा हवा होता, पण पाणी नासवायचं त्याच्या जिवावर आलं होतं."

"मग कोन?" मृत्युंजयला राहवलं नाही.

"सर, मी तुम्हाला विचारलं, पहाटे हौदाकडे कोण आलं. तुम्ही म्हणालात, कोणी नाही."

"कोणी नाहीच."

"कमलम्मा आल्या होत्या का?"

माधवराव तिच्याकडे बघत राहिले. "त्या तर रोजच येतात," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"रोज येतात म्हणून तुम्ही त्यांना धरलंच नाही. त्यांनी आज पहाटे पाणी शेंदलं. त्या कळशीत अजून थोडं आहे, बघा. एक थेंब तवंग नाही. म्हणजे त्या आल्या तेव्हा हौद स्वच्छ होता. तेल रात्री पडलंच नाही. त्यानंतर तुम्ही मोटार लावली आणि तेल आलं. मधल्या वेळात तुम्ही बाकावर होता आणि दुसरं कोणी आलं नाही."

उमाशंकर आईकडे बघत नव्हता. तो कळशीकडे बघत होता.

"कालचं पाणी बाजूला ठेवून पूजा केली असती तर मला काहीही कळलं नसतं," सौदामिनी कमलम्माला म्हणाली. "किंवा आज पूजाच केली नसती तर. पण तुम्ही आधी देवाचं पाणी काढून घेतलं आणि मग तेल ओतलं. शिळं पाणी तुम्हाला चाललं नसतं. आणि विचारल्यावर खोटंही बोलवलं नाही."

कमलम्माने पदर सावरला. मुलाच्या समोर ती इतकी ताठ उभी होती की चुकलं कोणाचं, असा प्रश्न पडावा.

"हाव. म्या वतलं. किटली पदराखाली नेली. देवाच्या पाण्याबद्दल खोटं कसं बोलू, बाई."

"अव्वा." उमाशंकरचा आवाज फुटला. "का?"

"तू शेत इकून राहिलास."

तिने मृत्युंजयकडे बोट केलं.

"ह्यो मृत्युंजय माझ्याच घरी बसून, माझाच च्या पिऊन सांगतो, शेत काढलं म्हणून. तुझ्या तोंडानं न्हाई कळलं मला. परवानगी आली की शेत जाणार. शेत गेलं की इकत घेणारा नांगर घालणार. तुझ्या बापाच्या उरावरून नांगर फिरणार, उमा. मी आमुशेला दिवा कुठं लावू? दुसऱ्याच्या उसात?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज ढळला नव्हता. "परवानगी न्हाई मिळाली की शेत ऱ्हातं, एवढंच मला कळत व्हतं. घाणा गावाकडं परत नेऊ. बैलावर फिरवू. आधी पोट भरतच व्हतं."

उमाशंकर खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरून, फरशीवर.

"समाधीची जागा सोडून सौदा केलाय, अव्वा," तो म्हणाला. "समाधी, भोवतीचं लिंबाचं झाड, आन् रस्त्यापासून जायची वाट. तेवढं आपल्याच नावावर ठेवलंय. घेणाऱ्या भुजंगरावाला पहिल्या दिवशी तेच सांगितलं मी. ते मान्य केलं म्हणून तर त्याला द्यायचं ठरलं, नायतर दुसरा जास्ती देत व्हता."

कमलम्मा त्याच्याकडे बघत राहिली. ती पहिल्यांदा भिंतीला टेकली.

"मग बोलला का न्हाईस मला?"

"बोललो असतो तर तू बाकीचं शेत पण इकू दिलं नसतंस."

ते खरं होतं, आणि तिला ते माहीत होतं. बाहेर हौदात खराटे चालल्याचा आवाज येत होता.

सौदामिनीला त्या घरातून उठून जावंसं वाटलं. चोर सापडला की हायसं वाटतं म्हणतात. इथे आई सापडली होती. मुलाने आई अडवेल म्हणून तोंड मिटलं, आईने मुलाला विचारायला नको म्हणून तोंड मिटलं, आणि दोघांच्या मधे अख्ख्या कॉलनीचं पाणी गेलं. शिवाय पट्टीची अट तिच्याच सहीची होती. पट्टी न घेता घाणा रस्त्याकडच्या या खोलीत आणला असता तरी नियमात बसलं असतं. कोणी विचारलं नव्हतं, तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं. आता तिने ते सांगितलं. मृत्युंजयचा चेहरा उतरला. मायलेकरांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

"आता अहवालात काय लिहिणार?" माधवरावांनी विचारलं.

"जे झालं ते. तेल घरातूनच गेलं, असं लिहिलं तर परवानगी अवघड आहे. नाही लिहिलं तर कॉलनी तुमच्याकडे बोट दाखवत राहील."

"माझं नाव लिहा," कमलम्मा म्हणाली. "त्येचं नको."

*

सुनावणीला खुर्च्या कमी पडल्या. अधिकारी तरुण होते आणि दिवसभर पाण्याच्याच तक्रारी ऐकून वैतागलेले. त्यांनी सौदामिनीचा अहवाल चाळला आणि हौदाच्या मजकुरावर थांबले. ओतणारी व्यक्ती हजर आहे का, त्यांनी विचारलं.

उमाशंकर उठायला लागला. काय बोलायचं ते त्याने येतानाच ठरवलं असावं, कारण त्याचे ओठ आधीच हलत होते. कमलम्माने त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"म्या वतलं. माझ्या पोराला म्हाईत नव्हतं. घाण्याचा गुन्हा न्हाई, माझा हाय."

मागच्या रांगेत कुजबूज उठली. कोणीतरी तोंडाने च्यक् केलं. ज्या बायका रोज तिच्याशी दारात बोलायच्या त्या मांडीवरच्या पिशव्यांकडे बघायला लागल्या. कमलम्मा ते सगळं झेलत उभी राहिली, अधिकाऱ्यांनी बसा म्हणेपर्यंत.

अधिकाऱ्यांनी हरकतदारांना विचारलं, पाण्याची तक्रार अर्जात जोडायची का. सगळ्यांनी माधवरावांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या एका होकाराने घाणा आज बंद पडला असता, आणि त्याच दिवसाची ते वर्षभर वाट पाहत होते.

"पाण्याबद्दल आमची तक्रार नाही," ते म्हणाले. "हौद धुऊन झाला आहे. आवाजाची तक्रार आहे, ती कायम आहे."

निर्णय पुढच्या तारखेवर गेला. तोवर घाणा बंद ठेवायचा. नवा नकाशा, पुढच्या खोलीचा, तेव्हाच सादर करायचा. अधिकाऱ्यांनी पुढचं प्रकरण पुकारलं.

कॉलनीतले लोक घाईघाईने निघाले, कारण नळाची वेळ होत आली होती. माधवराव जाताना उमाशंकरजवळ क्षणभर रेंगाळले आणि निघून गेले.

सौदामिनी स्कूटी काढत होती. तिला मायलेकरं दिसत होती. कमलम्मा शेवटच्या पायरीवर बसली होती, रिकाम्या हातांची. ती काय म्हणाली ते सौदामिनीला ऐकू आलं नाही. उमाशंकरचं उत्तर मात्र आलं.

"शिव्या नंतर दे. उद्या गावाकडं चल माझ्यासंगं. चारी कोपऱ्यांना दगड रोवलेत मी. तुझ्या डोळ्यानं बघ, कमी वाटली जागा तर सांग. अजून खरेदीखत व्हायचंय, पट्टी नको तर इकायचंच का ते बी तिथंच ठरवू."

"आन् घाणा?"

"बंदच हाय की आता. वेळच वेळ हाय आपल्याला."

कमलम्माने हात पुढे केला. उमाशंकरने तिला धरून उठवलं, आणि दोघं बसस्टँडच्या दिशेने चालायला लागले, गाड्यांची वेळ विचारून ठेवायला.